सर्व्हरला विसावा

आळेफाट्यावर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. आसपास कुठेही कॉम्प्युटर बंद पडला की मला बोलावणं यायचं आणि निम्म्या वेळा नुसती वायर सैल झालेली असायची. ती घट्ट करायला मी अर्धा तास लावायचो. झटकन केलं तर लोकांना आपली विद्या कळत नाही, अशी माझी ठाम समजूत होती.

बेल्ह्याजवळच्या एका दूध संस्थेत मी सर्व्हर बसवला होता. साध्या कॉम्प्युटरपेक्षा दांडगा, अंगात तीन डिस्क आणि गिरणीसारखा आवाज. सभासदांच्या गाईंची सगळी माहिती त्यात होती. कुठली गाय गाभण राहायला कधी भरवली, कधी व्यायची, लस कधी टोचली. या डिस्क सांभाळणारं एक कार्ड असतं आणि कार्डाच्या अंगातच लिहिलेला एक प्रोग्रॅम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. ते नवं भरायचं होतं. काम पाच-सात मिनिटांचं, पण तेवढ्यात वीज जाता कामा नये. गेली तर जुनं पुसलेलं, नवं अर्धवट, आणि कार्ड मुकं ते मुकंच. चेअरमनना हे समजावलं तर ते म्हणाले, "फारमवेअर ना? मग करा की. शेतीच्या कामाला कोन न्हाई म्हनतंय?" मी त्यांचा शब्द दुरुस्त केला नाही. परवानगी मिळाल्याशी मतलब.

दिवस मी दसऱ्याचा निवडला. ऑफिसला सुट्टी, कुणी सर्व्हर वापरणार नाही. आमच्या घरी दसरा म्हणजे पांढरे कपडे घालून विहारात जायचं. त्याआधी उरकू म्हणून मी सकाळी तसाच पांढऱ्या सदऱ्यात संस्थेत गेलो. लोडशेडिंगचं वेळापत्रक पाहून ठेवलं होतं. यूपीएसच्या बॅटऱ्या तपासल्या होत्या. वायरमनला सुद्धा विचारून घेतलं होतं. विजेनं मला दगा देण्याचे सगळे रस्ते मी बंद केले होते आणि त्याचा मला भयंकर अभिमान होता.

ऑफिसात फक्त शिपाई होते. सगळे त्यांना मामा म्हणत. नऊ वर्षं रोजंदारीवर होते आणि दसऱ्यानंतरच्या सभेत त्यांना कायम करायचा विषय यायचा होता. तो अर्ज मीच टाइप करून दिला होता.

काम सुरू केलं. सर्व्हरवर लाल स्केचपेननं चिठ्ठी चिकटवली, बंद करू नये म्हणून. चिठ्ठी इंग्रजीत होती. मराठीत लिहिली तर वजन राहत नाही. मग समोरच्या टपरीवर चहाला गेलो आणि तिथल्या दोघांना फर्मवेअर म्हणजे काय ते सांगत बसलो. त्यांनी विचारलं नव्हतं.

परत आलो तर खोलीत गिरणीचा आवाज नव्हता. सर्व्हरला हळदीकुंकू लागलं होतं, झेंडूचा हार होता, वर आपट्याची पानं होती. मामा उदबत्ती ओवाळत होते.

"मामा, बंद कुणी केला?"

"मीच. वरीसभर राबतंय बिचारं. आज तरी इसावा नको व्हय?"

"आणि यूपीएस?"

"मेन बटण दाबल्याव ते वरडायला लागलं. मग त्याला बी गप केलं."

आमच्या घरात अवजारांची पूजा नसते, त्यामुळे लक्षात आलं नाही, असं म्हणून पाहिलं. स्वतःलाच पटेना. गावात वाढलो होतो. दसऱ्याला शेजाऱ्यांची पाण्याची मोटर सुद्धा पूजेसाठी बंद असायची, हे मला माहीत नव्हतं असं सांगायला तोंड नव्हतं.

कार्ड गेलं ते गेलंच. पुण्याहून दुसरं मिळेपर्यंत आठ दिवस गेले. डिस्क शाबूत होत्या, एकाही गाईची नोंद गेली नाही. पण ते आठ दिवस सभासद येऊन हात हलवत परत जात होते. दोघांच्या गाईंची भरवायची तारीख चुकली, आणि लोक चिडले ते मामांवर.

सभेत मला खुलासा करायला बोलावलं. मामा दाराशी उभे होते. माझ्या एका वाक्याचं काम होतं. चूक माझी, मी मामांना सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "पॉवर इंटरप्शनमुळे कंट्रोलरचं फ्लॅशिंग इनकम्प्लीट राहिलं."

"म्हंजी काय झालं?" चेअरमन म्हणाले.

मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं.

"म्हंजी मी बटण दाबलं," दारातून मामा म्हणाले.

एक सभासद म्हणाले, "ह्या मानसाला कायम करायचं का मग?" चेअरमननी सर्व्हरवर चिकटवलेली ती चिठ्ठी मागितली. ती फिरली. प्रत्येकानं चष्मा लावून पाहिली आणि पुढे दिली. शेवटी चेअरमन म्हणाले, "आमालाच वाचता येईना, त्यांला कशी येनार? ह्यात मामांचा काय गुन्हा? घ्या कायम करून." माझ्याबद्दल कुणी काही बोललं नाही. ते मला फार लागलं.

मी बाहेर आलो तर मामा वाट बघत होते. माफी मागावी म्हणून मी तोंड उघडलं, त्याआधी त्यांनीच माझा हात दोन्ही हातांत धरला.

"भाऊ, मला कळलं बरं का," ते म्हणाले. "माजं नाव येऊ नये म्हनून तुमी इंग्लिशमदी बोलत व्हता. लई उपकार झालं."

त्यांचे डोळे भरले होते. मी म्हणालो, "त्यात काय, मामा."