दोन दारांचं मैदान

आमच्या कॉलनीच्या मागे कातळावर एक मोकळी जागा आहे. तीन बाजूंना दगड रचलेला गडगा, चौथ्या बाजूला रस्ता आणि पार टोकाला मालकांची हापूसची कलमं. मालक म्हणजे शेजारचेच काका. उभी हयात मोठ्या जहाजांवर काढून आता घरी असतात. ती जागा कुत्र्यांना मोकळं सोडायला द्याल का, असं विचारायला आम्ही कॉलनीतले कुत्रेवाले गेलो तेव्हा बोलल्या समोरच्या काकू. मी त्यांच्या लॅब्रॅडॉरचा पट्टा धरून मागे उभी होते.

काका हो म्हणाले, पण अट घातली. "एक कुत्रं जरी रस्त्यावर गेलं, तरी मी कुलूप लावणार. मग गाऱ्हाणी घेऊन यायचं नाही."

त्या रस्त्यावरून चिऱ्यांचे ट्रक जातात. माझा गावठी कुत्रा एकदा अशाच ट्रकखाली येता येता वाचला आणि आईने त्याला साखळीला बांधला तो कायमचा. साखळी पोचेल तेवढ्या जागेत मागच्या अंगणातली माती घासून गुळगुळीत झाली होती, बरोबर अर्धगोल. बाकीच्यांना मैदान हवं होतं. मला त्याला त्या अर्धगोलातून बाहेर काढायचं होतं.

मी घरी बसून मुंबईच्या एका ऑफिससाठी घरांचे आराखडे काढते, त्यामुळे मैदानाचा आराखडा माझ्याकडे आला. मी मन लावून काढला. काकांच्या ओटीवर सगळ्यांनी तो लॅपटॉपवर बघितला, "छान काढलंयस गो" म्हणाले आणि मग गडगा आहेच, एक फाटक बसवलं की झालं, असं ठरवून टाकलं. माझ्या आराखड्यातली दोन दारं का हवीत ते मला ऑफिसातल्यासारखं इंग्रजीत धडाधड सांगता आलं असतं. मराठीत वाक्य जुळेपर्यंत विषय चहावर गेला.

मग मी बोलायचा नाद सोडला. क्रिकेटचं मैदान आखायला वापरतात ती पांढरी फक्की आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कातळावर सगळा आराखडा खऱ्या मापाचा आखला. गडग्यापासून हातभर आत जाळीची रेघ घेतली, कारण गडगा गुरांना अडवतो. आमच्याकडची कुत्री तर त्याच्यावरून फिरायलाच जातात. मैदानाला कोपरे ठेवले नाहीत, सगळीकडे वळण दिलं, म्हणजे मोठ्या कुत्र्याला लहानग्याला कोंडीत पकडता येणार नाही. रस्त्याच्या बाजूला एकामागे एक दोन दारं काढली आणि मधे छोटी खोली.

काका बघायला आले ते थेट रेघ ओलांडून.

"काका, भिंतीतून आलात," मी म्हणाले.

ते थबकले. मागे फिरले आणि दारातून आले. "हे एक दार. आणि हे? विमानतळ बांधतेस काय गो?"

"एक उघडं असताना दुसरं बंद ठेवायचं."

"आणि माझी आंब्याची ढकलगाडी? ती काय उडवत नेऊ?"

हा प्रश्न चांगला होता. मी गाडी आणायला सांगितली. रिकामे क्रेट रचलेली गाडी काकांनी पहिल्या दारातून आत घेतली. पुढचं चाक दुसऱ्या रेघेवर आलं तरी काका स्वतः अजून रस्त्यावरच होते.

"बघ! अर्धा आत, अर्धा बाहेर. तुझं कुत्रं एवढ्यात पाली गावात पोचलं."

काकू हसायला लागल्या. मला मात्र आनंद झाला, कारण दोन दारं कशासाठी ते काकांनी आपल्याच तोंडाने सांगितलं होतं. मी चपलेने आतल्या दाराची रेघ पुसली आणि चार पावलं आत नवी ओढली. गाडी बसली. काकांनी नसलेलं दार हाताने लावल्यासारखं केलं, मग दुसरं उघडलं. एका फाटकाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. मी बाहेरच्या दाराला आपोआप मिटणारी स्प्रिंगही मागून घेतली.

काम झालं त्या रविवारी मी माझ्या कुत्र्याचा पट्टा काढला. क्षणभर तो तसाच उभा राहिला, कोणीतरी ओढेल अशा अपेक्षेने. मग सुटला. एवढा वेगात पळतो हे मलाही माहीत नव्हतं. आई घराच्या मागच्या दारात पदर तोंडाशी धरून बघत होती.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ पॉमेरेनियन घेऊन आले. आतलं दार सताड उघडून ते पट्ट्याच्या हुकाशी खटपट करत बसले आणि माझा कुत्रा त्यांच्या पायांमधून बाणासारखा बाहेर गेला. आईने हाक मारली. मी धावले नाही. बाहेरचं दार मिटलेलं होतं. तो त्याच्यावर आपटला, जाळीतून रस्त्याकडे बघून दोनदा भुंकला आणि शेपटी हलवत परत आला.

"अहो, आतलं दार लावा आधी!" काका कलमांखालून ओरडले. "एका वेळी एकच उघडायचं, एवढं साधं कळत नाही?"

गृहस्थांनी घाईने दार लावलं. मी काकांकडे गेले. या वेळी काकू मागे होत्या.

"म्हणजे जागा आमच्याकडे राहिली ना?" मी विचारलं.

"मग काय, तू एवढं बांधलंस ते आता माझ्या गाडीसाठी ठेवू?" काका म्हणाले. "पाण्याची कुंडी कुठे ठेवायची ते सांग, नळ मी ओढून देतो."

मी सावली कुठवर येते ते बघितलं आणि त्यांना जागा दाखवली.