रेनकोटवाल्याची मान आणि माझी छत्री

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाबा. कारण हे सांगायला घेतलं की माझं डोकं अजूनही तापतं. चूक माझी होती, मान्य! पण सगळी माझीच होती का? ते तुम्हीच ठरवा.

झालं असं, की मे महिन्यात सक्करदऱ्याच्या बाजारात मी भाजी घ्यायला गेले. तिथे भिंतीवर एका पोरीचा फोटो. मोठे डोळे, दोन वेण्या. खाली लिहिलेलं, ‘नैनाला पाहिलंत का?’ आणि एक फोन नंबर. लोक काय करत होते? त्या फोटोखाली उभं राहून वांग्याचा भाव करत होते!

माझा संताप संताप झाला. मी शाळेत पी.टी. शिकवायचे. सहलीला नेलेल्या पोरी बसमध्ये चढताना मोजायच्या, उतरताना मोजायच्या, यात जन्म गेला माझा. एक पोरगी कधी हरवू दिली नाही. तिथल्या तिथे फोन लावला.

पलीकडून पोरीचा आवाज, अगदी कुजबुजता. “तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. ते माझ्या मागावर आहेत. सक्करदरा तलावाकाठच्या पिवळ्या बाकाखाली पाहा. कोणाला सांगू नका…” आणि फोन कट!

कोणाला सांगू नका म्हणाली, म्हणून मी फक्त शेजारच्या मंगलाला सांगितलं. मंगलानं योगा क्लासमध्ये सांगितलं, तो तिचा स्वभाव.

बाकाखाली खरोखरच चिकटपट्टीनं लावलेली पत्र्याची डबी! आत धरमपेठेतल्या एका लाल दरवाज्याचा फोटो. फोटोमागे लिहिलेलं, ‘रविवार, दुपारी चार. काळ्या रेनकोटवाल्यापासून सावध.’

आता सांगा, नागपुरात मे महिन्यात रेनकोट कोण घालतं? ज्या उन्हात कुत्रं नालीतून बाहेर निघत नाही, त्या उन्हात? तिथेच मला शंका यायला हवी होती. मला उलट वाटलं, किती निर्ढावलेला गुंड असेल हा!

डबी घेऊन सरळ पोलीस ठाणं गाठलं. हवालदार बिचारा शांत माणूस.

“मॅडम, पोरीचे मायबाप कुठं हायेत?”

“ते मले काय माहीत? तुम्ही शोधा ना!”

“बरं, ठेवा ते डब्बी इथं. चौकशी करतो आम्ही.” त्यानं ती ड्रॉवरमध्ये टाकली.

बाहेर आले तर दोन पोट्टे माझ्या मागे. पाठीवर बॅगा, हातात मोबाइल. मी थांबले की ते थांबत, मी चालले की ते चालत. वर्गातल्या वांड पोरींना सरळ करणारी बाई मी, गर्रकन वळले.

“काहून गा, मागं मागं येऊन राहिले माझ्या?”

“काकू, बाकाखालची डब्बी तुमच्याजवळ हाय का?”

“कोणती डब्बी? मले कोणत्याच डब्बीचं काही मालूम नाई!”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. डोळे असे चमकले, जसं काही बारावीचा निकाल लागला!

“हिले सगळं मालूम हाय बे!”

“हाव, हाय मालूम!” मी छत्री उगारली. “पण माझ्या जिवात जीव हाय तोवर ते पोरगी तुमच्या हाती लागणार नाई. सांगा जाऊन तुमच्या त्या रेनकोटवाल्याले!”

एक जण मोबाइलवर शूटिंग करून राहिला होता. शेवटी दोघंही म्हणाले, “थँक्यू, काकू!” आणि पळाले.

थँक्यू म्हणणारी टोळी तुम्ही कुठे पाहिली? पण माझ्या डोक्यात प्रकाश पडायचं नाव नाही.

घरी मिस्टरांना सांगितलं. पेपर बाजूला न करता ते म्हणाले, “अवं, पोलिसांत दिलं ना? आता बस चूप.” चूप! तिकडे पोरगी कुठल्या खोलीत कोंडलेली, आणि मी चूप बसू? पोळीचा घास उतरत नव्हता माझ्या घशाखाली.

रविवारी मी, मंगला आणि योगा क्लासच्या बाया धरमपेठेत हजर. लाल दरवाज्यासमोर ही गर्दी! सगळे पोट्टे-पोट्ट्या. मला पाहताच कुजबुज सुरू झाली, “आली, आली, डब्बीवाली काकू आली!” मला वाटलं, चला, निदान तरुण पिढीला तरी नैनाची काळजी आहे. ऊर भरून आला हो!

चार वाजता दरवाजा उघडला. काळा रेनकोट, काळा चष्मा, घामानं निथळणारा उंच माणूस बाहेर आला. मी मागचा-पुढचा विचार केला नाही. छत्रीची वाकडी मूठ त्याच्या मानेत अडकवली आणि ओढला खाली!

“बोल, कुठं लपवली पोरीले?”

मंगलानं त्याचे पाय धरले. एक बाई तर प्राणायाम शिकवणारी, तिनंच त्याचं नाक दाबलं.

आणि गर्दीनं काय केलं असेल? टाळ्या! शिट्ट्या! “वन्स मोअर, काकू!”

इतक्यात आतून दोन वेण्या उडवत नैना धावत आली. हातात अर्धा समोसा.

“काकू, सोडा ना त्याले! श्वास अटकून राहिला त्याचा!”

“बाई, सुटली तू? कोणी मारलं-बिरलं तर नाई ना तुले?”

“मी नाटकात काम करते, काकू. तोबी आमच्याच ग्रुपचा हाय. हे गेमची जाहिरात हाय.”

माझ्या हातातली छत्रीच गळाली.

मग टीशर्ट घातलेला एक साहेब आला. म्हणे मोबाइलवर नवा गेम येतोय. तो यायच्या आधी गावात खरे फोटो, खरे फोन नंबर, खऱ्या डब्या ठेवायच्या. पोरं शोधत फिरतात, गेमचा बोलबाला होतो. डबी गायब झाल्यामुळे सगळे अडकले होते; मग योगा क्लासमधून लाल दरवाज्याची बातमी पोरांपर्यंत पोचली आणि त्यांनी ठरवलं, की ती काकूच मुख्य खलनायिका!

“मॅम, तुम्हाला आमच्या हेड ऑफिसनं पाठवलं का? अ‍ॅक्टिंग एकदम नॅचरल!”

अ‍ॅक्टिंग? माझा घास अडकला होता आणि हा अ‍ॅक्टिंग म्हणतो!

“लाज नाही वाटत?” मी ओरडले. “उद्या खरंच कोणाची लेक हरवली, तिच्या बापानं भिंतीवर फोटो लावला, तर लोक काय म्हणतील? गेम असेल, चला पुढे! मग कोण शोधणार तिला?”

साहेबाची मान खाली गेली. नैनाचे डोळे भरले. ‘सॉरी काकू’ म्हणून तिनं उरलेला समोसा माझ्यापुढे धरला. खरं सांगू? घेतला मी. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरचे फोटो उतरले. पण त्या रविवारीच जाता जाता साहेब चाचरत म्हणाला, “मॅम, तुम्हाला गेममध्ये घेतलं तर चालेल?” मी रागाच्या भरात म्हटलं, “घ्या! माझं तोंड पाहून तरी लोकांना अक्कल येईल!”

पावसाळा सरला तेव्हा गेम आला. मिहानमधल्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करणारी माझी भाची पल्लवी, तिनं माझ्या मोबाइलवर टाकून दिला. पाहते तर तलावाकाठी छत्री घेतलेली एक काकू! कोणाचं काही ऐकून घेत नाही, दिसेल त्याची मान छत्रीनं ओढते.

“मावशी, हिले समजावल्याशिवाय पुढं जाताच येत नाई,” पल्लवी म्हणाली.

“दे इकडं! तिले माझ्यापेक्षा जास्त कोण ओळखते?”

गोड बोलून पाहिलं. हात जोडून पाहिलं. पळून पाहिलं. दर वेळी ती बया माझीच मान धरायची. शेवटी मोबाइल सोफ्यावर आपटला. “काय बाई हाय ही! समोरच्याचा एक शब्द ऐकून घेईल तर शपथ!”

मिस्टरांनी पेपर खाली केला, चष्मा काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आपली बाजू घेतल्यासारखे माझ्याकडे पाहत म्हणाले,

“लग्नापासून मी याच लेव्हलवर अटकून राहिलो, वं.”