उकंडरावांचं नितळ पाणी

उकंडरावांचा उभा जन्म गाळाशी भांडण्यात गेला. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावरून निघालेल्या चारीच्या अगदी शेपटाला त्यांची हळद. पाणी कमी पडलं की दोष गाळाचा, आणि कधी पुरलं तर श्रेय त्यांच्या भांडणाचं. पाणीवापर संस्थेचे अध्यक्ष होताच त्यांनी चारीच्या तोंडाशी गाळ बसायला हौद बांधून घेतला आणि पाटी लावली : ‘येथे जनावरे धुण्यास सक्त मनाई.’ खाली स्वतःचं नाव, मजकुरापेक्षा मोठ्या अक्षरात.

इंजिनिअर दिपा मॅडमनी आधी सुचवून पाहिलं होतं, “काका, बारीक गाळ पाण्याची खळबळ दाबतो. भोवरे कमी झाले की पाणी काठाला कमी घासतं, पुढं लवकर सरकतं. सगळाच गाळ काढू नका.”

“म्हंजे चिखल खाल्ला की पाणी जोरात पळतं?” उकंडराव म्हणाले. “मंग मॅडम, शंकरपटात पळणाऱ्या बैलालाबी चिखलच चारावा काय?”

सभा हसली. मॅडमही हसल्या आणि हौदाच्या मंजुरीवर सही करून गेल्या.

नितळ पाणी आलं. तळाचे खडे दिसावेत असं. हार-नारळ झाले. पण ते पाणी चारीत नुसतं उसळत, काठाशी झोंबत राहिलं. गाजावाजा मोठा, चाल थोडी. पाणी सोडायची पाळी संपली तरी शेपटाला धड पोचलं नाही. वरची शेतं भिजली, अध्यक्षांच्या हळदीच्या पानांची सुरळी झाली.

“पाणी लई सोवळं झालं,” मिराबाई नवऱ्याला म्हणाल्या. “आपल्या वावरात यायला लाजून राहिलं. आणखी एक पाळी अशीच गेली तर हळद गेली समजा. मॅडमला इचारा की.”

“अध्यक्षानं इचारायचं? लोक काय म्हणतील?”

“हळद जळाल्यावरबी म्हणतीलच.”

पुढच्या पाळीला भल्या पहाटे उकंडराव आपल्या म्हशी घेऊन हौदावर गेले. पाटीकडे पाठ करून त्यांनी म्हशी आत सोडल्या. म्हशींनी राहिलेली हौस भागवून घेतली. गढूळ पाणी गुपचूप, तेलासारखं चारीतून सरकलं आणि दुपारी हळदीच्या सऱ्यांत शिरलं.

संध्याकाळी पारावर उकंडरावांनीच आवाज चढवला, “हौदात जनावरं कोणी घातली? बराबर शोधून काढा!”

शेजारच्या वावराचा संतराम तंबाखू मळत होता. त्याचीही हळद त्याच पाण्यावर भिजली होती.

“शोधू की,” तो म्हणाला. “पन अध्यक्षसाहेब, पुढच्या पाळीला आमच्या म्हशी पाठवू का? तुमच्या थकल्या असतील.”