अकराव्या पानावरचा बदल

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करायचे. तीस वर्षं तळघरातली तीच खोली, तेच लांब टेबल आणि नाकावर राग. शस्त्रक्रियेची अवजारं वाफेत निर्जंतुक करणाऱ्या यंत्रावर त्यांनी चाळीस पानांचं पुस्तक लिहिलं आणि इंटरनेटवर फुकट ठेवलं. पहिल्याच पानावर परवाना: कुणीही छापा, वाटा, चूक दिसली तर दुरुस्त करा. अटी तीनच. मूळ लेखकाचं नाव ठेवा, काय बदललं ते शेवटच्या पानावर लिहा आणि पुढच्यालाही हीच मोकळीक द्या. दहा वर्षांत पुस्तक कुठं कुठं पोचलं, पण एक अक्षरही कुणी बदलल्याचं कानावर आलं नव्हतं. याचा त्यांना कोण अभिमान!

निवृत्तीनंतर एका जुन्या सहकाऱ्यानं दुसऱ्या इस्पितळातली प्रत त्यांना आणून दिली. 'वाफेच्या दाबाचा काटा शून्यावर आला की दार उघडा' हे भाऊजींचं अकराव्या पानावरचं वाक्य तिच्यात नव्हतंच. त्या जागी लिहिलं होतं, 'काट्यावर विसंबू नका. आधी वाफेची झडप उघडा, वाफ पूर्ण थांबू द्या, मगच दाराला हात लावा.' वर नाव मात्र भाऊजींचंच.

त्यांनी ते वाक्य ताईला वाचून दाखवलं. "झडप उघडायला लावतात! वाफ कुणाच्या तोंडावर आली तर? नाव माझं येणार!"

"अहो, मग बदलू नका म्हणून कळवा त्यांना," ताई म्हणाली.

"कोणत्या तोंडानं? परवानगी मीच दिलीय ना!"

आपलेच दात, आपलेच ओठ. आठ दिवस ते ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला पत्रं लिहीत होते, हा उपद्व्याप कुणाचा म्हणून. जेवताना घास हातात तसाच राहायचा. ताईनं शेवटी मला बोलावून घेतलं. मलाही भीती वाटली. नाकावरचा तो राग कुठल्या कुठं गेला होता.

मला कुठलंही पुस्तक मागून चाळायची खोड आहे. ती प्रत मी तशीच उघडली आणि म्हटलं, "भाऊजी, काखेत कळसा नि गावाला वळसा! शेवटचं पान बघितलंत का?"

नियम त्यांचाच, पण दहा वर्षांत तिथं कुणी काही लिहिल्याचं त्यांनी पाहिलंच नव्हतं, म्हणून ते पान उलटायचं त्यांच्या मनातही आलं नाही. तिथं लिहिलं होतं: 'बदल पहिला, पान अकरा. कारण: काटा शून्यावर अडकला होता, आत वाफ होती. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे मी दार उघडलं. – शस्त्रक्रिया विभागातली नर्स.'

भाऊजींनी ते तीनदा वाचलं. मग त्या इस्पितळात फोन लावला आणि तिला फोनवर बोलावून घेतलं.

"हात... हात कसा आहे?" एवढंच त्यांना विचारता आलं.

"दोन बोटं वळत नाहीत, सर. टाइप करता येतं पण. तुम्हीच लिहिलं होतंत ना, चूक दिसली तर दुरुस्त करा. म्हणून केली."

त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या पुस्तकात तिच्या ओळी घेतल्या आणि शेवटच्या पानावर तिचं नाव घातलं. पण आधीच्या प्रती किती जणांनी छापून भिंतीला लावल्यात, ते कुणालाच माहीत नाही. छापलं तर मला कळवा, अशी अट त्यांनी घातलीच नव्हती.

पूर्वी भाऊजी अनोळखी नंबर उचलायचे नाहीत. आता पहिल्या घंटेला उचलतात, आणि 'हॅलो'च्या आधी विचारतात, "कुणाला लागलं तर नाही ना?"