दहाव्या क्रमांकाची ओळ

१६ मे १९८९ रोजी बल्गेरियातील प्रावेत्स या गावी शाळकरी मुलांचे पहिले आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाड सुरू झाले. हे छापील आहे आणि कोणालाही तपासून पाहता येते. त्यानंतर आठवड्याभराने, देशाच्या ईशान्येकडील ड्रेनोवित्सा गावच्या शाळेत जे घडले ते मात्र कोणत्याही वर्तमानपत्राने छापले नाही. ते बिसेरा चाकारोवाच्या आणि तिच्या विद्यार्थ्यांच्या आठवणीत आहे, आणि तपशिलांत त्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. जिथे जुळतात तेवढेच इथे घेतले आहे.

बिसेरा गणित शिकवायची. अंगाने लहानखुरी, आवाजाने मात्र अख्खे पटांगण गप्प करील अशी. शाळेला प्रावेत्सच्या कारखान्यात तयार झालेली सहा संगणक यंत्रे मिळाली तेव्हा ती चालवायला कोण शिकणार, असा प्रश्न उभा राहिला. बाकीच्या शिक्षकांनी कुणी गुडघेदुखी सांगितली, कुणी द्राक्षांची छाटणी. बिसेरा गेली, रुसे शहरात तीन आठवडे वर्गात बसली, आणि परतली ती एक ठाम मत घेऊन. पहिल्याच तासाला तिने ते मुलांना सांगितले:

"हे यंत्र लबाड नाही आणि शहाणंही नाही. तुम्ही सांगाल तेवढंच करतं. उत्तर चुकलं तर यंत्राकडे नाही बघायचं, आरशात बघायचं."

"मग हे आमच्या थोरल्यापेक्षा बरंय, बाई," मागून कोणीतरी म्हणाले. "तो सांगितलेलंही करत नाही."

संगणकाच्या खोलीत बूट चालत नसत. दारातच बूट काढून घरून आणलेल्या सपाता घालायच्या, वरून पांढरा डगला चढवायचा आणि मगच आत यायचे. हेडमास्तर पेन्चो कारामिहोव यांच्या पत्नीने सहाही पडद्यांसाठी भरतकामाची आच्छादने शिवली होती. ती काढताना मुले बाळाच्या अंगावरची दुपटी काढावीत इतक्या जपून काढत. यंत्रे कमी आणि मुले फार, त्यामुळे प्रोग्राम आधी घरी चौकटीच्या कागदावर लिहायचा, बाकावर बसून बोटाने पुन्हा पुन्हा वाचायचा आणि पाळी आली की टंकायचा. प्रोग्रामच्या ओळींना क्रमांक असत: दहा, वीस, तीस. बिसेराचा नियम असा की दहाव्या क्रमांकाच्या ओळीत, म्हणजे सगळ्यांत आधी, लिहिणाऱ्याचे नाव आले पाहिजे. प्रोग्राम सुरू झाला की पडद्यावर पहिल्यांदा तेच उमटले पाहिजे. "काम माझं आहे हे सांगायची लाज वाटत असेल," ती म्हणे, "तर काम अजून झालेलं नाही."

या नियमात एक अडचण होती आणि ती खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होती. ड्रेनोवित्साची निम्मी घरे तुर्की होती. चार हिवाळ्यांपूर्वी सरकारने तुर्कांची नावे बदलली होती. गावाभोवती सैनिकांचा वेढा पडला, चावडीत मेज मांडले गेले आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट प्रत्येकाला बल्गेरियन नाव घ्यावे लागले. जुने नाव रस्त्यात उच्चारले तरी दंड होई. नेझिहे हासानोवा तेव्हा दहा वर्षांची होती. तेव्हापासून हजेरीत ती नादेझ्दा आसेनोवा झाली, आणि बिसेराही हजेरीत असेल तेच वाचत आली.

नेझिहे आठवीत होती. तिची आई घरी मागावर किलिम, म्हणजे नक्षीदार सतरंज्या, विणायची. मुलीने तोच किलिम पडद्यावर विणायला घेतला. मागावर विणतात तसाच तळापासून वर, एकेक आडवी रांग भरत नक्षी चढत जाई. डावी बाजू लिहिली की उजवी तिच्यावरून आपोआप उलटून यायची. पडदा एकरंगी होता, फक्त हिरवा.

"आई म्हणते, एकाच रंगाचा किलिम कोण घेणार?" नेझिहे म्हणाली.

"आईला सांग, याला धूळ बसत नाही," बिसेरा म्हणाली. मग कागद उलटसुलट करून तिने विचारले, "दहावी ओळ कुठे आहे?"

"राहिली."

"राहिली कशी? बाकी सव्वाशे ओळी बरोबर, आणि पहिलीच राहिली?"

नेझिहेने आधी दाराकडे पाहिले. "बाई, कुठलं घालू? तुम्ही हाक मारता ते, की आई मारते ते?"

बिसेराने कागद तिच्यापुढे ठेवला.

"प्रोग्राम लिहिला कोणी?"

"मी."

"तू म्हणजे कोण, ते तुला माहीत असेल. मला विचारू नकोस."

नेझिहेने नाव घातले नाही. जुने नाव कुठेही लिहायचे नाही, अशी तिच्या वडिलांनी तिला शपथ घातली होती. दहावी ओळ रिकामीच राहिली.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आसपासच्या गावांतून तुर्क रस्त्यावर उतरू लागले. गोळीबार झाल्याच्या बातम्या भिंतींआडून येत होत्या. चोवीस मे हा लिपीचा आणि शाळांचा सण. दरवर्षी फुले, मिरवणूक, कविता. या वर्षी जिल्ह्याहून पाहुणे येणार होते आणि त्यांना सगळे कसे शांत आहे ते दाखवायचे होते. हेडमास्तरांनी बिसेराला बोलावले.

"तो किलिमचा प्रोग्राम दाखवू. छान आहे. आपली परंपरा, आपलं यंत्र, आपली मुलं. एकदम बसतंय."

"आणि मुलीचं नाव?"

"नादेझ्दा आसेनोवा. दुसरं कुठलं?"

"ती ते घालत नाही, हेडमास्तर."

"मग तुम्ही घाला की! एक ओळ तर आहे. तुम्हाला काय किलिम विणायला सांगितलाय?"

"एक ओळ आहे," बिसेरा म्हणाली. "घालते मी."

चोवीस तारखेला खोली फुलांनी सजली होती. जिल्ह्याच्या शिक्षण खात्यातल्या बाई, गावचे अध्यक्ष आणि आणखी दोघे सपाता घालून, जरा अवघडून आत आले. पांढऱ्या डगल्यातली नेझिहे यंत्रासमोर बसली होती. बिसेरा तिच्या खांद्यावरून वाकली आणि सगळ्यांच्या देखत, एकेक कळ ऐकू येईल अशी दाबत, तिने दहाव्या क्रमांकाची ओळ टंकली आणि प्रोग्राम डिस्कवर साठवला. नेझिहेने हात मांडीवरून उचलले नाहीत. तिचा चेहरा बिसेराने पाहिला नाही, कारण बिसेराची नजर पडद्यावर होती.

"चालव," बिसेरा म्हणाली.

नेझिहेने कळ दाबली. आधी पडद्याच्या तळाशी मजकुरासाठी राखलेल्या पट्टीत नाव उमटले आणि तिथेच राहिले. मग त्याच्यावर किलिम चढू लागला. जिल्ह्याच्या बाई कौतुकाने पुढे झाल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या: "लेखिका, नेझिहे हासा..."

त्या थांबल्या. किलिम थांबला नाही. उजवी बाजू डावीवरून उलटून येतच राहिली.

"हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारले.

"किलिम," बिसेरा म्हणाली.

हेडमास्तरांनी भिंतीवरच्या पेटीतला फ्यूज उपसला. सहाही पडदे एकदम काळे झाले.

"परत लावलात तरी हेच येईल," बिसेरा म्हणाली. "त्याला जे सांगितलंय ते ते करणार."

दुपारी मिलिशियाचे, म्हणजे पोलिसांचे, दोन हवालदार आले. हेडमास्तरांनी त्यांना सांगितले की बेकायदेशीर नाव पडद्यावर आले होते. हवालदारांनी पडद्याला पुढून, मागून हात लावून पाहिला.

"याच्यातच आहे ना?" एकाने बिसेराला विचारले.

"सगळ्यांनी त्याच्यावरच पाहिलं," ती म्हणाली. हे खोटे नव्हते.

त्यांनी पडद्याला कागदी पट्टी डकवली, वर लाखेची मोहर मारली, आणि आच्छादनात गुंडाळून दोघांनी दोन बाजूंनी धरून तो गाडीत नेऊन ठेवला. खिडकीला नाके लावलेल्या मुलांपैकी एक जण हळूच म्हणाला, "बिचारा. त्याने तर नुसतं दाखवलं." नाव आणि नक्षी ज्या पातळ डिस्कवर साठवलेली होती ती मेजाखालच्या डिस्क-खोक्यात जिथल्या तिथे होती. बिसेराने ती काढून डगल्याच्या खिशात घातली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी तिला कार्यालयात बसवले, कॉफी मागवली आणि एक टंकलेला कागद पुढे सरकवला. त्यात लिहिले होते की संगणकातील तांत्रिक बिघाडामुळे पडद्यावर चुकीचा मजकूर उमटला. खाली सहीसाठी जागा होती.

"सही करा आणि विसरून जा," ते म्हणाले. "यंत्र आहे. बिघडतं. सगळ्यांना पटेल. जिल्ह्याच्या बाईंनाही पटेल, त्यांनाही सुटायचंच आहे यातून."

"यंत्र बिघडलेलं नाही."

"बिसेरा, अहो, मला माहीत आहे ते बिघडलेलं नाही! मी काय शेळ्या वळतो?" त्यांनी आवाज खाली आणला. "माझी पेन्शन जवळ आलीये. तुमच्या घरी म्हातारी आई आहे. त्या पोरीलाही यातून काही होणार नाही. बिघाड म्हणजे बिघाड. कोणाचाच दोष नाही."

"दोष नाहीच कोणाचा. पण यावर सही केली की त्या पोरीचं नाव बिघाड ठरतं."

"कागदावर ठरेल. कागद कोण वाचतं?"

"तेव्हाही कागदावरच बदललं होतं, हेडमास्तर. चावडीत."

कारामिहोवांनी कॉफीचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "नाही केली तर मला दुसरा कागद लिहावा लागेल. तुमच्याबद्दल."

"लिहा. त्यात लिहा की दहावी ओळ मी टंकली, शुद्धीत, स्वतःच्या हाताने. त्याच्यावर सही देते. आत्ता देते." तिने लेखणी उचलली. "चार वर्षं मी त्या खोलीत मुलांना सांगतेय की यंत्राच्या माथी मारू नका. आता मीच मारू?"

त्यांनी तसा कागद लिहिला नाही. शिक्षिकेला बडतर्फ करण्यात येत आहे, एवढेच लिहिले. कारण दिले नाही.

जूनच्या सुरुवातीला तुर्कस्तानची सरहद्द उघडली आणि तुर्क निघाले. गाड्यांच्या टपांवर गाद्या, सायकली, शिलाई यंत्रे. मळ्यांत काकड्या तशाच लोंबत राहिल्या. नेझिहे निरोप घ्यायला आली ती परसातल्या दाराने, आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"आत ये."

"बाबा गाडीत आहेत. बाई, तुमची नोकरी माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे काही गेलं नाही. मी टंकलं, माझं गेलं. हिशेब सोपा आहे." बिसेराने डिस्क तिच्यापुढे धरली. "चुंबकाजवळ ठेवू नकोस. वाकवू नकोस."

नेझिहेने ती घेतली नाही, नुसती पाहिली. "ही सरकारी आहे ना?"

"डिस्क सरकारी आहे. प्रोग्राम नाही."

"नाक्यावर झडती घेतात म्हणे. सापडली तर?"

"तर विचारतील, यात काय आहे. तेव्हा तू काय सांगशील?"

नेझिहेने डिस्क सदऱ्याच्या आत सरकवली. "किलिम," ती म्हणाली. पहिल्यांदाच ती हसली. मग रस्त्यावरून भोंगा वाजला.

जूनच्या मध्यावर रुसेहून एक माणूस आला. यंत्रे कळणारा होता. मिलिशियाच्या ठाण्यात मोहर लावलेल्या पडद्याकडे पाहून त्याने डोक्याला हात लावला आणि शाळेत येऊन डिस्क मोजायला मागितल्या. एक कमी भरली. तो बिसेराच्या घरी गेला.

"एक डिस्क कमी आहे, बाई."

"आहे."

"कुठे गेली?"

"जिची होती तिच्याबरोबर."

"असं मी लिहू का?"

"असंच लिहा. शुद्धलेखन तपासून लिहा."

पुढचे सव्वा वर्ष बिसेराने टोमॅटो डबाबंद करण्याच्या कारखान्यात पट्ट्यासमोर उभे राहून काढले. तिथल्या बायका तिला "प्रोफेसर" म्हणून चिडवत, आणि पाळी संपली की आपापल्या मुलांची गणिते तिच्याकडे घेऊन येत. १९९० च्या मार्चमध्ये नवा कायदा आला आणि ज्यांची नावे हिरावून घेतली होती त्यांना ती परत मागता येऊ लागली. त्या शरदात शाळेने तिला परत बोलावले. हेडमास्तर नवे होते. ते म्हणाले, झाले गेले विसरू, कागदोपत्री तांत्रिक बिघाडच नोंदवू, म्हणजे मधल्या काळाचा पगारही काढता येईल.

बिसेराने पगार नाकारला. ती नोकरीवर रुजू झाली ती बडतर्फीच्या हुकुमाखाली आपल्या हाताने एक वाक्य लिहूनच: ती ओळ मी जाणूनबुजून लिहिली. नव्या हेडमास्तरांनी ते वाक्य खोडायला सांगितले. तिने खोडले नाही. पहिल्या तासाला तिने हजेरी घेतली तेव्हा वर्गात निम्मे बाक रिकामे होते. ती त्या बाकांची नावेही वाचत गेली, जुनी, मुलांच्या आयांनी ठेवलेली, आणि प्रत्येक नावानंतर थोडी थांबत राहिली. समोरची मुले चुळबुळली. कोणीतरी म्हणाले, "बाई, ते नाहीयेत." ती म्हणाली, "माहीत आहे. मी नावं वाचतेय." निवृत्त होईपर्यंत ती संगणक शिकवत राहिली, आणि दहाव्या ओळीचा नियम तिने कधी सैल केला नाही.

तिच्या वाक्यासकटचा तो हुकूम शाळेच्या कागदांत आहे. बिघाडाचा कागदही आहे. सहीची जागा कोरी आहे.

जे ठाऊक नाही ते असे. जप्त केलेला पडदा शाळेला परत मिळाला की नाही, याची नोंद सापडत नाही. डिस्क सरहद्दीच्या पलीकडे पोचली का, ठाऊक नाही. नेझिहे हासानोवाचे कुटुंब तुर्कस्तानात कोणत्या शहरी उतरले हे ड्रेनोवित्सात कोणालाही सांगता येत नाही, आणि तिकडे गेल्यावर त्यांनी कोणते आडनाव घेतले हेही नाही. तिने पुढे कधी दुसरा प्रोग्राम लिहिला का, हेही ठाऊक नाही.