दोन वह्या आणि एक भुवई

हात्सुएने माझी डावी भुवई उडवली तो मार्चमधला मंगळवार होता. सोमवारी आमच्याकडे न्हाव्यांची दुकानं बंद असतात, म्हणून मंगळवारी सकाळी पहिला नंबर माझा, ही चाळीस वर्षांची रीत. खुर्ची मागे कलंडलेली, गालांवर गरम टॉवेलाची ऊब, मी डोळे मिटून निवांत. वस्तरा कपाळावरून खाली आला आणि थांबायला हवं होतं तिथे थांबला नाही.

दुखलं नाही, रक्त आलं नाही. उठून आरशात बघितलं, तर चेहऱ्याची एक बाजू उकडलेल्या अंड्यासारखी.

"हात्सुए," मी म्हटलं, "माझी भुवई कुठे गेली?"

"कोणती?"

"डावी. उजवी जागेवर आहे, तेवढे उपकार."

एरवी तिने माझा पार कचरा केला असता. तुझ्या थोबाडाला एक पुरे, असं काहीतरी म्हणाली असती. आम्ही एका वर्गातले, सत्तरी उलटली तरी अरे-तुरे. पण त्या दिवशी तिने वस्तरा मिटून ठेवला, स्टुलावर बसली आणि हळूच म्हणाली, "तोकू, मला तुझ्या दोन-दोन भुवया दिसत होत्या रे. कोणती खरी तेच कळेना."

मी उठून तिला पाणी आणून दिलं.

कुवामोतो हात्सुए म्हणजे कोण ते सांगायला हवं. नवरा गेल्यापासून पंधरा वर्षं ती हे दुकान एकटी चालवते. बंदरावरचे सगळे कोळी तिच्याकडे दाढी करतात, आणि त्यांच्या बायका लग्नाआधी तिच्याकडेच येऊन गेल्या आहेत. किमोनोत नवरीची मान मागून उघडी असते, म्हणून लग्नाच्या दोन दिवस आधी मानेवरची लव वस्तऱ्याने काढतात. वाऱ्यासारखा हलका हात लागतो त्याला. माझ्या आईची मान हात्सुएच्या सासूने केली, बायकोची आणि मुलीची हात्सुएने. ऑक्टोबरात माझ्या नातीचं, मिओरीचं लग्न ठरलं होतं आणि तिची मानही हात्सुएच करणार हे पोरगी शाळेत होती तेव्हाच ठरून गेलं होतं.

आदल्या पावसाळ्यात हात्सुएच्या बरगड्यांवर नागीण उठली. फोड पंधरा दिवसांत गेले, पण आग मागे राहिली. सदऱ्याचं कापड लागलं तरी कळवळायची. आमच्या गावच्या इगुचि डॉक्टरांनी नसांच्या दुखण्याचं औषध दिलं, तेव्हा कुठे ती रात्रीची झोपायला लागली. मला वाटलं, सुटली बिचारी.

आणि जानेवारीपासून बाई बदलायला लागली. चालताना भिंतीला हात लावायची. पाय सुजले, स्लिपर चढेनात. अंगाने सुटली. बोलता बोलता शब्द हरवायचा, कात्रीला "ते, ते कापायचं" म्हणायची. दुपारी गिऱ्हाइकाच्या खुर्चीतच डुलक्या. एकदा पायरीवरून पडली आणि हसून म्हणाली, पायरीच हलली. आम्ही सगळे हसलो. मला आता त्या हसण्याची लाज वाटते.

भुवईचं मी कुणाला सांगणार नव्हतो. बायकोने पेन्सिलीने काढून दिली. पण मासळीच्या लिलावात घाम आला, भुवई गालावर उतरली आणि गावभर झालं. कुणीतरी ओसाकाला हात्सुएच्या लेकीला फोन केला. चिनात्सु तिसऱ्या दिवशी हजर.

चिनात्सु वाईट नाही, घाबरलेली होती. "तोकुजी काका, आईचं डोकं कामातून चाललंय," ती म्हणाली. "गुरुवारी शहरातल्या इस्पितळात स्मरणशक्तीची तपासणी आहे. काय निघणार ते दिसतंयच. माझ्या घराजवळ वृद्धांची सोय आहे, जागा मिळतेय. दुकान बंद करू."

मी हात्सुएकडे बघितलं. आता ही लेकीला फाडून खाणार, या आशेने बघितलं. ती खुर्चीचं पितळी कडं पुसत म्हणाली, "बरं."

नुसतं बरं. चाळीस वर्षांत या बाईने मला एकदाही बरं म्हटलेलं नाही.

बुधवारी मी खोकी बांधायला गेलो. चिनात्सु म्हणाली, "काका, आईची औषधांची वही काढता का? उद्या न्यायचीय." औषधांची वही आमच्याकडे प्रत्येकाजवळ असते. औषध घेतलं की दुकानवाले त्याची चिठ्ठी तीत चिकटवून देतात, म्हणजे पुढच्याला आधीचं कळतं. आरशाखालच्या खणात हात घातला, तर वह्या निघाल्या दोन. एकीवर पर्सिमनची फळं, एकीवर मांजर.

"हात्सुए, यातली कोणती?"

ती खुर्चीत पेंगत होती, ती ताडकन उठली. "मांजराची ठेव आत. चिनात्सुला दाखवू नकोस."

"का?"

"ती वही शहरातल्या डॉक्टरांची आहे."

हळूहळू सगळं बाहेर आलं. इगुचि डॉक्टरांच्या औषधाने आग अर्धीच कमी झाली होती. म्हणून डिसेंबरअखेर बसने ती शहरातल्या, वेदनांवर खास इलाज करणाऱ्या डॉक्टरांकडे गेली. पण शहरातली चिठ्ठी पर्सिमनच्या वहीत चिकटली असती, तर इगुचि डॉक्टरांना दिसली असती. ते वही स्वतः पानन्‌पान चाळतात. तेव्हा तिथल्या औषधाच्या दुकानात विचारलं वही आहे का, तर ही म्हणाली नाही. नवीन देतात. मांजर हिने निवडलं.

"अगं, पण लपवायचं कशाला?"

"नवरा गेला तेव्हा ते बर्फातून चालत आले होते, तोकू. रोज. आणि मी त्यांना सोडून दुसऱ्याकडे गेले हे त्यांना कळू देऊ? काय वाटेल त्यांना?"

मी तिला हसलो नाही. मीही हेच केलं असतं आणि या गावात निम्म्यांनी केलंय. पण अडतीस वर्षं मी टपाल वाटलं. एकाच माणसाची पत्रं दोन पत्त्यांवर जायला लागली की काय घोळ होतो, ते मला शिकवायला नको. दोन्ही वह्या खिशात घातल्या आणि पुलाजवळच्या औषधाच्या दुकानात गेलो.

तिथे मिझोबे नावाची पोरगी बसते. तिशीची, चष्मा, आवाज बारीक. तिने दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडल्या, एकदा बघितलं, परत बघितलं, आणि चष्मा काढून पुसला.

"काका, ही दोन्ही औषधं त्या घेतात? रोज?"

"सकाळी एकेक, रात्री एकेक. कॅप्सूल नसांसाठी, आणि तोंडात विरघळते ती गोळी दुखण्यासाठी. तसं ती म्हणते."

"एकच औषध आहे हो हे. प्रीगाबालिन. एक कंपनीने ठेवलेलं नाव आणि एक औषधाचं स्वतःचं. दोघांनी आपापल्या जागी बरोबरच दिलंय. पण त्या दुप्पट घेतायत, आणि या वयात मूत्रपिंडं हे औषध सावकाश बाहेर टाकतात. अंगात साठत जातं." मग ती विचारत गेली. चक्कर येते? पाय सुजलेत? वजन वाढलं? दिवसा झोप? दोन-दोन दिसतं? शब्द सापडत नाहीत? पडल्या कधी?

मी प्रत्येकाला हो म्हणत होतो.

"म्हणजे तिचं डोकं ठीक आहे?"

"ते आज मी कसं सांगू? पण आधी हे उतरवू, मग डोकं तपासू. उलटं करायचं नाही." तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही का पांढरे पडलात?"

खोटं बोलवेना. मान आखडली म्हणून फेब्रुवारीत हात्सुएने मला तिची एक गोळी दिली होती. मी ती संध्याकाळच्या दारूबरोबर घेतली होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मेल्यासारखा पडलो होतो.

"दारूबरोबर?" बारीक आवाज एकदम जाड झाला. "झोपेत श्वास मंदावतो त्याने, काका. दुसऱ्याची गोळी म्हणजे काय खारी बिस्किटं आहेत का वाटून खायला?"

मी शाळेतल्यासारखी मान खाली घातली. ती फोन उचलायला लागली तसं म्हटलं, "इगुचि डॉक्टरांना नको कळवूस. शहरातल्यांना सांग. हात्सुएला मरणप्राय होईल."

"दोघांनाही विचारावंच लागतं. नियम आहे," ती म्हणाली आणि नंबर फिरवला.

हात्सुएच्या दुकानात येऊन मी सगळं सांगितलं. चिनात्सु खोक्यावरच बसली, हाताने तोंड झाकून रडायला लागली. हात्सुएने शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, आता म्हणेल, म्हणजे मी वेडी नाही. ती म्हणाली, "इगुचि डॉक्टरांना कळलं?"

"कळलं."

ती उठली, खणातून गोळ्यांची पाकिटं काढली आणि केसांच्या कचऱ्यात टाकायला निघाली. मी हात धरला. मिझोबेने बजावून पाठवलं होतं, एकदम बंद करायचं नाही. एकदम सोडलं तर झोप उडते, घाम फुटतो, मळमळतं, दुखणं दुप्पट अंगावर येतं. डॉक्टर सांगतील तसं आठवड्या-आठवड्याने उतरवायचं. "तेवढं तरी ऐक बाई," मी म्हटलं, "भुवईची शपथ आहे तुला."

तेवढ्यात दाराची घंटी वाजली. इगुचि डॉक्टर स्वतः. ऐंशीचे, छत्रीची काठी करून चालत आलेले.

हात्सुए गुडघ्यांवर बसली आणि जमिनीला कपाळ टेकलं.

"उठा हात्सुए-सान," डॉक्टर म्हणाले. "सुजलेले पाय मी बघितले होते. मीठ कमी खा म्हणालो आणि पुढच्याला बोलावलं. चूक माझीही आहे." मग टोपी काढून त्यांनी डोकं पुढे केलं. "आणि आता आपण खरं बोलतोच आहोत, तर मलाही एक सांगायचंय. चार वर्षं झाली, मी दर दुसऱ्या वेळी स्टेशनाजवळच्या, दहा मिनिटांत उरकणाऱ्या दुकानात केस कापून घेतो. तुमच्या बेसिनवर पुढे वाकलं की माझी कंबर धरते. तुम्हाला कसं सांगायचं, म्हणून राहिलं."

हात्सुएने मान वर केली. "माहीत आहे."

"काय?"

"मानेवर मशीन फिरवलंय ते मला दिसत नाही होय? चार वर्षं मी तेच नीट करून देते आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मग चिनात्सुला हसू फुटलं, रडता रडताच, आणि डॉक्टर काठीवर वाकून हसायला लागले, कंबर धरेपर्यंत. हात्सुए तेवढी हसली नाही. तिने त्यांना खुर्चीत बसवलं, उशी पाठीमागे दिली आणि मिझोबेने मला तंबी दिली होती तशाच सुरात म्हणाली, "पुढच्या वेळी मागे टेकूनच डोकं धुवू."

त्या दिवसापासून डॉक्टर एक आणि वही एक, पर्सिमनची. मांजराची वही मिझोबेने जमा करून घेतली. इगुचि डॉक्टरांनी शहरातल्या डॉक्टरांशी बोलून, रक्त तपासून, औषध हळूहळू खाली आणलं. एप्रिलभर हात्सुए वैतागलेली होती, पण मेमध्ये स्लिपर पायात बसल्या. जूनमध्ये मला म्हणाली, "तुझी भुवई वाकडी उगवलीय," आणि मी घरी जाऊन बायकोसमोर रडलो. लाज कसली त्यात. गेलेलं माणूस परत आलं होतं.

स्मरणशक्तीची तपासणी जुलैत झाली. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करा, सगळं सांगितलं तिने, आणि वर तपासणाऱ्या डॉक्टरला म्हणाली की तुमचे कल्ले वरखाली आहेत. चिनात्सुने ओसाकातली ती वृद्धांच्या सोयीची जागा सोडून दिली.

पण वस्तरा तिने हातात घेतला नव्हता. कात्रीच चालवायची. ऑक्टोबर आला, मिओरी गावी आली, आणि तिची मान करायच्या आदल्या दिवशी मी दुकानात जाऊन खुर्ची मागे कलंडवली. "दाढी कर."

"भीती नाही वाटत?"

"वाटते. कर."

टॉवेलाची ऊब, साबणाचा वास. मी मुद्दाम डोळे मिटले. वस्तरा कपाळावरून खाली आला आणि थांबायला हवं होतं तिथे थांबला.

"दुखतं का अजून?" मी विचारलं.

"दुखतं थोडं. छोट्या गोळीवर भागतं. पण भुवई एकच दिसते."

दुसऱ्या दिवशी मिओरी त्याच खुर्चीत बसली, केस वर बांधून. मी दाराशी उभा राहिलो. हात्सुएने वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजला, मानेशी आणला आणि थांबली.

"तोकू, बाहेर जा. तुझा श्वास ऐकू येतोय."

मी बाकावर जाऊन बसलो. बंदरावरून डिझेलचा वास येत होता. बऱ्याच वेळाने घंटी वाजली आणि मिओरी बाहेर आली, पाठमोरी उभी राहून म्हणाली, "आजोबा, बघा." तिची मान अगदी तिच्या पणजीसारखी होती, आणि तिच्यावर ना लव होती ना एक ओरखडा. मी माझ्या डाव्या भुवईवरून हात फिरवला आणि नातीला घेऊन घरी गेलो.