सगळ्यांचा ताप नॉर्मल

लॉकडाऊननंतर आमची शाळा उघडली, त्या सकाळी वाशीहून एक साहेब तपासणीला आले. मी मुख्याध्यापक, म्हणून हार घेऊन फाटकात उभा होतो. साहेबांनी पोरांची रांग लावली, ताप मोजायची बंदूक स्वतःच घेतली आणि एकेका कपाळावर रोखत फोटो काढून घेतले. सगळ्यांचा ताप नॉर्मल.

लेकीला सोडायला आलेली एक बाई शेजारी उभी होती. हातात खुरपं, तोंडाला पदर. नाव मी विचारलं नाही. तिनं रांगेतल्या दुसऱ्याच एका पोरीच्या गळ्याला सहज उलटा हात लावला.

"साहेब, ही पोरगी लई तापलीय."

"मशीन नॉर्मल दाखवतंय, बाई."

"मंग येकदा भिंतीला लावून बघा की."

पोरं हसली. साहेबांनी चिडून बंदूक भिंतीवर रोखली. भिंतही नॉर्मल निघाली.

बाई हसली नाही. तिनं पोरीचं दप्तर आपल्या खांद्याला अडकवलं. "चल, तुला घरी सोडते. बरी झालीस की मग ये." मला म्हणाली, "गुरुजी, हिच्याजवळ बसलेल्या लेकरांवर ध्यान ठिवा." तिचा कामावरचा अर्धा दिवस बुडाला असणार.

त्या आठवड्यात शाळेत दुसरं कुणी आजारी पडलं नाही. साहेबांच्या अहवालात त्याचं सगळं श्रेय मशीनला मिळालं. ताप आढळलेले विद्यार्थी: निरंक. खाली सही माझी आहे.